डोळ्यांतली हळद

काल कोथरूडला भाचीच्या हळदीला गेले आणि त्या वासासरशी माहेरची वाफाळलेली न्हाणी आठवली.

आई पाय पसरून बसली होती. पायांवर नुकती जन्मलेली माझी ईरा. आई तिला डाळीचं पीठ आणि हळद चोळत होती.

"किती पिवळी दिसतेय गं," मी म्हटलं.

"हळद लावल्यावर पिवळीच दिसणार!" आई हसली.

संध्याकाळी हे आले. आईनं हळदीचं सांगितलं, तरी ईराला उजेडात धरून तिचे डोळे निरखत राहिले. मग म्हणाले, "आई, हळद डोळ्यांत कशी जाईल?"

दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवलं, तोवर कावीळ मेंदूत भिनली होती. ईरा वाचली, पण तिला कधीच ऐकू आलं नाही.

काल मैत्रिणींच्या पायांकडे बघत ती छान नाचत होती. गाणं संपलं तेव्हा तिची त्यांच्याकडे पाठ होती. ती एकटीच नाचत राहिली.