दाजींना कसं सांगायचं?

हे कुणाला सांगायचं नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. ताईने तर माझ्या हातावर साखरपुड्याचा पेढा ठेवून वचन घेतलं. पण पेढा कधीच संपला, आणि मी काही कुणाला सांगत नाहीये. मी लिहितेय.

आता तुम्ही हसणार. हसा. सगळ्यांचं हसून झालेलंच आहे.

आधी एक सांगते. मी बोलत नाही. म्हणजे येतं मला बोलायला, पण लाज वाटते. वर्गात मी दिलेली हजेरी पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही, मग मैत्रिणी ओरडतात, "बाई, ती आलीये!" आणि याचा एक तोटा असतो, तो मला फार उशिरा कळला. जी मुलगी कधीच बोलत नाही, ती एखादं वाक्य बोलली की लोकांना ते देववाणीसारखं खरं वाटतं!

आमची हर्षदाताई नर्स आहे. रोज तळोद्याहून बसने नंदुरबारला दवाखान्यात जाते. तिला बघायला विसरवाडीचे पाहुणे आले होते. मुलगा भूषण, बँकेत नोकरीला. ताईला तो आवडला. तिने सांगितलं नाही, पण पाहुणे गेल्यावर ती त्याचाच कप किती वेळ विसळत बसली होती, ते मी पाहिलं ना!

फक्त निघताना मुलाची आई म्हणाली होती, "बेटा, घर सांभायीसन नोकरी करशी, तं कर!"

म्हणजे आधी घर, मग नोकरी. ताईचा चेहरा पडला. नोकरी सोडायची नाही, हे तिचं पक्कं होतं. पण दोन्ही जमणार का? नाही जमलं तर? "विचार करून कळवतो," असं पप्पांनी पाहुण्यांना सांगितलं, आणि ताई तेव्हापासून जेवणात मीठ विसरायला लागली.

मला वाटलं, आपण बघू या ना जमतं का.

माझ्याकडे दहावीच्या अभ्यासासाठी फोन आहे. त्यात अभ्यासाशिवाय एक गेम आहे. त्यात आपण माणसं बनवायची, त्यांना घर द्यायचं, नोकरी द्यायची. प्रत्येकाच्या डोक्यावर पट्ट्या असतात: भूक, झोप, अंघोळ, करमणूक. सगळं नीट चाललं तर पट्टी हिरवी, नाहीतर लाल. आणि आपण फोन ठेवला तरी त्यांचे दिवस चालूच राहतात.

मी त्यात ताई बनवली, पांढऱ्या ड्रेसमधली. भूषण बनवला, मिशीसकट. दोघांचं लग्न लावलं. घर दिलं, गॅस दिला, तिला दवाखाना, त्याला बँक. आणि बघत बसले.

आता आमच्या मोठमायला आणते. मोठमाय म्हणजे माझी थोरली काकू, शेजारीच राहते. त्या दुपारी ती ओट्यावर मिरचीचे देठ खुडत होती आणि मी बाजूला फोन घेऊन "अभ्यास" करत होते. तेवढ्यात फोनवर लाल मेसेज आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा! भूषणनी नोकरी गई!"

मोठमायच्या हातातली मिरची तशीच राहिली. "कोणता भूषण? हर्षदाले दखाले उना व्हता तो?"

मी मान हलवली. तोच तर होता!

"तुले कोणी सांगं?"

"आतेच मेसेज उना."

"माय वं! काबरं गई?"

आता गेम म्हटलं तर फोन जाणार, अभ्यासाचं पितळ उघडं पडणार. आणि खोटं तर मला बोलताच येत नाही. म्हणून मी जे दिसत होतं तेच सांगितलं. "कामवर जायेच ना. अंघोळ बी करे ना."

"मंग घर मा काय करस तो?"

"रडस. गॅसले आग लागनी, तं शेजारनी बाईनी इझाडी."

"शेजारनी बाई?" मोठमायचे डोळे मिरची लागल्यासारखे झाले. "कुवारा पोऱ्याना घर मा ती काबरं उनी?"

मी काय सांगणार? गेममध्ये शेजारीण आपोआप येते! मी गप्प बसले. आणि माझं गप्प बसणं मोठमायला बोलण्याहून जास्त खरं वाटलं.

मिरची तिथेच टाकून ती उठली. मोठमायची बहीण विसरवाडीला असते. आता विसरवाडी म्हणजे हायवेचं गाव, तिथे बातमी ट्रकच्याही पुढे धावते. मोठमायने बहिणीला फक्त "चौकशी कर" म्हटलं होतं. बहिणीने भाजीवालीकडे चौकशी केली. भाजीवालीने सगळ्या स्टँडवर केली. बातमी फिरून आमच्याकडे परत आली तेव्हा भूषण बँकेला आग लावून शेजारणीबरोबर सुरतेला पळाला होता!

पप्पांनी कपाळाला हात लावला. आई म्हणाली, "बरं झालं, आधीच कळलं." ताई माजघरात जाऊन घडी केलेल्या कपड्यांचीच पुन्हा घडी घालत बसली.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं ना? अहो, मी तोंड उघडलं होतं! दारापर्यंत गेलेही होते. पण आवाज आला पाहिजे ना?

रविवारी दारात गाडी थांबली. भूषणची आई उतरली, मागून भूषण. सुरतेला पळालेला माणूस इस्त्रीच्या शर्टात आमच्या ओट्यावर उभा!

"कोणती बँक जाळी मन्हा पोऱ्यानी?" त्याची आई पाण्याचा तांब्या बाजूला सारून म्हणाली. "मले दखाडा तरी!"

भूषण हळूच म्हणाला, "बँक मा साहेब बी तेच पुसी ऱ्हायनात. मी तठे समोरच बसेल व्हतू."

पप्पांनी मोठमायकडे पाहिलं. मोठमायने माझ्याकडे. मग सगळ्यांनीच. ताईसुद्धा माजघराच्या दारात आली, आणि तिचे डोळे सुजलेले होते. ते बघून माझा आवाज आला. एवढा मोठा आला की मीच दचकले.

"गेम मा! गेम मा गई नोकरी!"

मग काय, फोन सगळ्यांच्या मधोमध. पडद्यावर छोटा भूषण. केस पिंजारलेले, भोवती माश्या, पायाशी पाण्याचं डबकं. ते पाणी नव्हतं, पण ते मी सांगितलं नाही.

त्याची आई वाकून बघत होती. "नाक तं आम्हना भूषणनंच शे," ती म्हणाली.

"पण मी आठे असा उभा काबरं?" भूषणने विचारलं. "आपोआप कामले जात नही का?"

"नही. सांगनं पडस."

"कोणी?"

"...मी."

"मंग काबरं नही सांगं?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. आता तुम्हीच सांगा! आमच्याकडे जावयाला हातात पाणी देतात, बसायला गादी टाकतात. त्याला बोट लावून "संडासला जा, अंघोळ कर, भांडी घास" असं सांगायचं? मी? गेम झाला म्हणून काय झालं?

"जवाईले कसं सांगानं?" मी म्हणाले. "लाज वाटनी."

भूषण हसत हसत खालीच बसला. "म्हणजे मन्ही नोकरी तू खादी!"

"नि सून कोठे शे?" त्याच्या आईने विचारलं.

मी स्वयंपाकघर दाखवलं. छोटी ताई पांढऱ्या ड्रेसमध्येच फरशीवर पालथी झोपली होती, शेजारी खरकटी भांडी.

"इले काय व्हयनं?"

"दवाखानातून उनी का सयपाक, भांडा, झाडू... बठ्ठं तिलेच लावं मी. ताईले सांगाले लाज नही वाटत."

भूषण हसायचा थांबला. त्याच्या आईने पालथ्या ताईकडे बराच वेळ पाहिलं, मग दारातल्या खऱ्या ताईकडे. आणि माझ्या हातातून फोनच काढून घेतला.

"आण आठे. मी तेन्ही माय शे, मले कसानी लाज?" आणि तिने बोट ठेवलं. "जाय, आंग धू. मंग भांडा घस. घर दोन्हीसनं शे." खरा भूषण कानापर्यंत लाल झाला होता. ताई पदरात तोंड लपवून हसत होती. साखरपुड्याची तारीख त्याच ओट्यावर ठरली, आणि ताईची नोकरीही चालूच राहिली.

पण माझं नशीब बघा! ताईच्या सासूबाईंनी तो गेम आता स्वतःच्या फोनवर घेतलाय, आणि त्यात मला बनवलंय. काल त्यांनी मोठमायला फोन करून सांगितलं, की गेममध्ये मी शाळेत जाणं सोडलं, दहावीत नापास झाले आणि दिवसभर पलंगावर बसून पिझ्झा खाते. पुढे मोठमायने काय केलं असेल? फक्त 'गेम' हा शब्द गाळला! आमच्या वर्गशिक्षिका आत्ता दारात उभ्या आहेत, आणि आई विचारतेय की मी शाळा का सोडली. मी जाऊन त्यांना एवढंच सांगणार आहे की बाई, परीक्षा तर अजून व्हायचीच आहे, आणि पिझ्झा तर तळोद्यात... आले, आले आई! बाईंना बसव, मी फक्त हे एवढं