दीड हात तार

माझं यंत्रात डोकं चालतं असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि मला त्याचा माज आहे. होमस्टेच्या चार खोल्यांतले गिझर, पंखे, पाण्याचा पंप, सगळं मीच उघडते आणि मीच बंद करते. नागावात मेकॅनिकची वाट बघत बसलं तर पाहुणे बॅगा भरून निघून जातात.

बाबांना झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. अलिबागहून व्यायाम शिकवायला यायच्या त्या मॅडम म्हणाल्या, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, उजव्या हाताला काम द्या. त्यांनी रबरी चेंडू दिला. तो बाबांनी डाव्या हातानं थेट अंगणात भिरकावला. मग माझा बोटीवरचा भाऊ सुट्टीला येताना खेळण्यातली आगगाडी घेऊन आला. हातात धरायचा रिमोट, त्यावर वेग वाढवायची चकती आणि टोकाला करंगळीएवढी काळी अँटेना. आम्ही ओटीभर रूळ मांडले, रिमोट बाबांच्या मांडीवरच्या उशीला टेकवला आणि त्यांचा उजवा अंगठा चकतीवर ठेवला. जन्मभर नारळ-सुपारीच्या वाडीत राबलेला माणूस, ती एवढीशी चकती ढकलताना घामाघूम व्हायचा. भाऊ बोटीवर परत गेला, आणि त्यानंतर चार दिवसांनी इंजिन जागचं हललं. आई देवापुढे साखर ठेवायला पळाली.

आमच्याकडची खारी हवा कशाला म्हणून सोडत नाही. एक दिवस रिमोट पुसायला घेतला तर अँटेना माझ्या हातातच आली. आतली तार हिरवी पडून पार कुजलेली. अलिबागच्या मोबाइलवाल्यानं रिमोट उलटसुलट करून परत दिला. "ताई, हे आपल्याकडं न्हाय व्हायचं. नवीनच मागवा." भाऊ भर समुद्रात, त्याचा फोन लागेना. मेसेज टाकून ठेवता आला असता. पण "तू हात लावू नकोस" हेच उत्तर येणार, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. आता वाटतं, कपाळ माझं, एक मेसेज टाकायला काय जात होतं?

माझ्या लहानपणी मुंबईचं चित्र दिसावं म्हणून बाबांनी पोफळीच्या शेंड्याला बांबू बांधून टीव्हीची अँटेना चढवली होती. चित्राला मुंग्या आल्या की काठी आणखी वर, तार आणखी लांब. एवढंच आमचं शास्त्र. तेव्हा मी रिमोटला चांगली दीड हात तांब्याची तार सोल्डर केली. बाबा खुर्चीतून बघत होते. डाव्या हातानं त्यांनी खूण केली, आणखी. मी आणखी जोडली आणि टोक खिडकीच्या गजाला बांधलं. बापलेक दोघंही खूश.

इंजिननं एक झटका दिला आणि ते थांबलं. बाबांनी पुन्हा चकती ढकलली. काही नाही. मी जाडी तार लावली, बारीक लावली, रूळ घासले, सेल बदलले. रोज सकाळी म्हणायचे, "बाबा, आज होणार बघा." रोज त्यांचा अंगठा चकती फिरवायचा आणि गाडी जिथल्या तिथे. एकदा तर मी चिडून रिमोट गादीवर आपटलाच. त्या दिवशी बाबांनी हात मागे घेतला. मला वाटलं, माझ्या आवाजाला घाबरले.

तीन आठवड्यांनी भावाचा फोन लागला. तो हसतच सुटला. "अगं येडे, होती तेवढीच लावायची, मोजून. लांब केलीस की उलट बिघडतं." तुटलेला तुकडा मी डबीत ठेवला होता. त्याच्या मापानं तार कापली आणि सोल्डर केली. वीस मिनिटांचं काम. इंजिन दारापर्यंत गेलं आणि वळून परत आलं. मला आनंद व्हायच्या ऐवजी रडूच फुटलं.

रिमोट बाबांच्या मांडीवर ठेवला, उजवा अंगठा चकतीवर ठेवला. "ढकला बाबा, आता चालते." अंगठा हलेना. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तार एवढी लांब लावलेली, म्हणजे त्यांच्या लेखी दोष तारेत असणं शक्यच नव्हतं. गाडी चालत नव्हती म्हणजे अंगठाच पुन्हा गेला, असं ते तीन आठवडे धरून बसले होते. मी तारेशी भांडत बसले आणि त्यांना एका शब्दानं विचारलं नाही.

"बाबा, रिमोट बिघडला होता. मी बिघडवला होता. तुमचा हात चांगला चालत होता हो!" तीन-तीनदा सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं माझा गाल थोपटला. मी त्यांची समजूत काढतेय असंच त्यांना वाटलं.

मग त्यांनी रिमोट डाव्या हातात घेतला आणि डाव्याच अंगठ्यानं चकती फिरवली. गाडी सुसाट सुटली. आई पिठाच्या हातांनी धावत आली. "चालली गं बाई, चालली!" बाबा हसत होते. उजवा हात मी उशीवर ठेवला होता तसाच पडून होता.

"केलंस ना शेवटी नीट!" आई म्हणाली.

मी हो म्हटलं.