गरम डोक्याचा ओझोन

आमच्या सातपूरच्या कंपनीत मशिनं कमी आणि किस्से जास्त तयार होतात. मशिनं ऑक्सिजनपासून ओझोन वायू बनवणारी. हा वायू जंतू मारतो, पण तापला की स्वतःच मोडतो. एवढं सगळ्यांना कळतं, मालक रमणशेठ सोडून!

मे महिन्यात शेठनी मशीन थंड ठेवणारा चिलरच बंद केला. "आपण काय आइस्क्रीम बनवतो?"

दुपारी मीटरवर ओझोन शून्य. शेठ म्हणाले, "मीटर बदला!" बदलला. तोही शून्य.

"दोन्ही डिफेक्टिव्ह!"

*

आमचा सेल्सवाला प्रसाद पुण्याचा. त्याने सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याला, कांदा सडू नये म्हणून, मशीन विकलं आणि तापलेल्या पत्र्याखालीच बसवलं. आठवड्याने व्यापाऱ्याचा फोन आला, "भाऊ, कांदा सडी राहिना!"

प्रसाद नाचत शेठकडे गेला. "सर, कस्टमर खूश! कांदा सडत राहिला नाही म्हणतो!"

तिकडच्या अहिराणीत त्याचा अर्थ 'सडतोय' होतो, हे व्यापारी सडक्या कांद्याची गोणी घेऊन ऑफिसात आला तेव्हा कळलं.

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही. टेस्टिंगमध्ये उरलेला ओझोन बाहेर सोडण्याआधी हीटरमध्ये तापवून मोडावा लागतो, नाहीतर तो माणसांच्या छातीत जातो. शेठना हीटर दिसला. "आपणच ओझोन बनवायचा आणि आपणच जाळायचा? बंद करा!"

मी ओरडलो, तर मलाच साइटवर पिटाळलं. परत आलो तेव्हा टेस्टिंगच्या वनिताताई दारात बसून खोकत होत्या. "छातीत लय जळतंय, भाऊ." मी हीटर चालू केला, त्यांना रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला.

शेठ दवाखान्यात आले. विचारलं काय? "तुम्हाला धुळीची ॲलर्जी आहे का?"

ताई बऱ्या होऊन आल्या, त्या थेट केबिनमध्ये. "शेठ, आता तुमची खुर्ची टेस्टिंगला लावा. मी इथं बसते." त्या दिवसापासून हीटरला कुणी हात लावला नाही.

*

शेवटी मी शेठना समोर बसवून समजावलं, "ओझोन तापला की त्याचा ऑक्सिजन होतो."

शेठचे डोळे चमकले. "एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवलीत?"

पुढच्याच प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर मशीन, त्याला जोडलेला हीटर आणि वर बोर्ड: 'घरच्या घरी शुद्ध ऑक्सिजन!' ही गर्दी!

एका आजोबांनी विचारलं, "हे चालवायला काय लागतं हो?"

शेठ छाती फुगवून म्हणाले, "काही नाही काका. फक्त ऑक्सिजनचा सिलिंडर!"