नऊ हजार किलोमीटर आणि पायाखालचा चुरा

विमान किती लांबून आलंय हे आम्हाला फलकावर बघावं लागायचं नाही. आत पाऊल टाकलं की नाकाला कळायचं. जवळच्या विमानात कागद आणि चुरा. लांबच्या विमानात मोजे, कापलेली नखं, समोरच्या खिशात कोंबलेलं बाळाचं डायपर. तिकीट काढलं की माणसांचे हात गळून पडतात.

विमानं झाडणाऱ्या आमच्या टोळीत एक बाई होती. तिला सगळे फौजदार म्हणायचे. गुडघे टेकून सीटखाली हात घालायची. आम्ही वरवर झाडलं तर मागून येऊन बोटाने दाखवायची. आम्ही चरफडायचो आणि पुन्हा झाडायचो.

तिचा मुलगा पार लांब नोकरीला. चार वर्षं भेट नव्हती. एकदा त्याचा फोन आला. बायको आधीच माहेरी गेली होती, आता तोही सासुरवाडीला निघाला होता, जगाच्या दुसऱ्या टोकाला.

"आई, नऊ हजार किलोमीटर आहे, बारा तास. विमान मध्ये तुमच्याकडेच तेल भरायला थांबतं. पण आम्हाला उतरू देत नाहीत गं."

"तू कशाला उतरतोस? मीच वर येते."

मुकादमाच्या हातापाया पडून तिने पाळी बदलून घेतली. मुलाची रांग मागून घेतली. गणवेशाला इस्त्री केली. मला म्हणाली, "माझ्या बाकीच्या रांगा तू ओढ. मला त्याच्याशी बोलायचंय."

विमान लागलं, आम्ही चढलो. तो खिडकीपाशी होता. "आई!" म्हणत अर्धवट उठला. ती वाकली. मला वाटलं, गालावरून हात फिरवणार. पण तिची नजर खाली गेली होती. बुटाने चिरडलेली बिस्किटं, ओल्या कागदी रुमालांचे बोळे, गालिच्यात रुतलेलं च्युइंगम.

"हे कुणी केलं?"

"अगं, सहा तास बसून काढलेत. होतंच. तुम्ही आहात ना साफ करायला."

तो हसत बोलला. असं बोलणारे रोज भेटायचे, पण तिच्या पोटचा!

"ऊठ. पिशवी धर."

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांच्याही पायाखाली आहेच."

तिने त्याला गुडघ्यांवर बसवलं. मेलेला उंदीर उचलावा तसा तो एकेक बोळा दोन बोटांत धरत होता. च्युइंगम तिने त्याला नखाने खरवडायला लावलं, नीट निघालं नाही म्हणून पुन्हा लावलं. शेजारचा गृहस्थ पाय वर घेऊन सिनेमा बघत होता. तेवढ्यात आम्हा झाडणाऱ्यांना उतरायची शिट्टी झाली.

"आई, दोन शब्द तरी बोल ना."

"सुनेला आशीर्वाद सांग. आणि कोपरा राहिलाय."

शिडीवर मी तडकलेच. "चार वर्षांनी भेटलीस आणि हे?"

"त्या घाणीत बसून गप्पा मारू?"

"मी झाडलं असतं की!"

"पोर माझं आहे."

त्याच्या परतीच्या विमानाला तिने पाळी मागितली नाही. ती रांग माझ्याकडे आली. तो पांघरूण ओढून झोपला होता. मी झाडून उतरले. ती खाली उभीच होती.

"कसा होता?"

"झोपला होता."

"आणि खाली?"

"मागच्या खेपेसारखंच. चुरा, बोळे, सगळं."

तिने हातमोजे चढवले. पुढचं विमान लागत होतं, तेही लांबचंच.