वाचनालयातलं देखणं सॉफ्टवेअर

आमच्या वाचनालयातलं जुनं सॉफ्टवेअर करडं, कळाहीन होतं. पण त्यावर शिंदेबाईंची बोटं न बघता चालत, आणि पुस्तकाची नोंद करताना त्या माझ्याकडे बघून म्हणत, "मागच्या पुस्तकानं रडवलं ना?" दहा वर्षांचा हा परिपाठ. तरी सूचनावहीत मीच लिहिलं होतं, आता जरा बरं दिसणारं काही आणा.

ते परवा आलं. फिकट निळं, गोल गोल चित्रांचं, खरंच देखणं. बाई माउस धरून त्या चित्रांत नोंदीची जागा शोधत होत्या. "छान आहे हो, पण सापडत काही नाही," त्या पुटपुटल्या. देखणेपण नेमकं कोणासाठी मागितलं मी? तेवढ्यात स्क्रीनवरची नजर न हटवता त्यांनी विचारलं, "नाव काय आपलं?"