सडकेवरचा माग

मेंढके आप्पांनी आयुष्यात कधी मेंढरं मोजली नाहीत. संध्याकाळी कळप काट्यांच्या वाड्यात शिरत असताना ते काठीवर हनुवटी टेकून उभे राहत आणि शेवटचं कोकरू आत गेलं की म्हणत, "ढवळीची थोरली मागं ऱ्हायली." मी शाळेत गणित शिकवत असल्यामुळे मला हे सहन होत नसे. एकदा विचारलंच, "आप्पा, मोजून घेतलेली बरी नाहीत का?" तर म्हणाले, "आवं गुरुजी, मोजून किती कमी ते कळतंय. कोण कमी हाय ते कुठं कळतंय?" माझं सगळं गणित तिथंच थंड पडलं.

मी वाईचा. घाटावर पाय सोडून बसायची सवय असलेल्या माणसाला जत तालुक्यातल्या त्या गावात नेमणूक मिळाली, जिथं पाणी टँकरनं यायचं आणि निम्मं गाव भांडताना कानडीत शिरायचं. करमणूक म्हणून मी रहस्यकादंबरी लिहायला घेतली. नायक आधी फौजदार होता. चार प्रकरणांत त्याचा मलाच कंटाळा आला, म्हणून त्याला वकील केलं. वकील बोलतच सुटला, तेव्हा त्याला साताऱ्याकडचा निवृत्त सुभेदार केलं. नायकाच्या तीन नोकऱ्या बदलून झाल्या, तरी पहिल्या प्रकरणातलं प्रेत बिचारं तसंच पडून होतं.

मग एक दिवस शाळेतलं खिचडीचं मोठं पातेलं नाहीसं झालं. आप्पा सहज आले होते. स्वयंपाकखोलीपुढच्या फुफाट्याकडे बघत म्हणाले, "दोगं हुती. एक बाई हाय, डावा पाय वडत चालती. चोरी न्हाई ही, चोर आसं निवांत चालत न्हाई." माग काढत ते खालच्या वस्तीवर गेले. तिथं हळदीच्या जेवणाची आमटी आमच्या पातेल्यात रटरटत होती. त्याच दिवशी मी सुभेदाराला घरी बसवलं आणि नायकाला धनगर केलं.

आप्पांना सांगितलं तर लाजले. "धनगराला कोन इचारतंय? फौजदारच ऱ्हाऊ द्या." पण दर रविवारी लिंबाखाली येऊन ऐकायला बसायचे. मी वाचायचो, ते चुका काढायचे. "पळनाऱ्याची टाच उमटत न्हाई गुरुजी, चवडा उमटतोय." मी तिथल्या तिथं दुरुस्त करायचो. नायकाला जे काही कळत होतं ते सगळं आप्पांचं होतं. मी नुसता लेखनिक होतो. त्यांचा मुलगा बिरा लांब कुठं असतो, एवढंच मला ठाऊक होतं. जास्त मी कधी विचारलं नाही.

अकराव्या प्रकरणात मी अडकलो. खुनी पळत पळत डांबरी सडकेला लागला होता आणि पुढं कसं जायचं ते सुचेना. रविवार तोंडावर आलेला. शेवटी मी लिहून टाकलं, की धनगर खाली वाकला, त्याला डांबरावरही माग दिसला आणि त्या मागावर तो खुनी लपला होता त्या ढाब्यापर्यंत थेट पोचला.

ते ऐकताना आप्पांची काठी हातातून घसरली.

"सडकंवर?"

"होय."

"डांबरावर माग घावला त्याला? कसा?"

मी लेखकाच्या तोऱ्यात होतो. म्हणालो, "नजर असली की दिसतो, आप्पा."

त्यांनी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली. मग खाली बघत बोलायला लागले. सात वर्षांपूर्वी बिरा मेंढरांवरून भांडला होता. मी हे करणार नाही, म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघून गेला. एकुलता एक. त्याच्या डाव्या चपलेला टायरचं ठिगळ होतं. त्या ठिगळाच्या मागावर आप्पा ज्वारीच्या सडातून, ओढ्यातून सडकेपर्यंत गेले होते. "तितं सपला. मला वाटलं, डांबरावर कुनालाच घावत न्हाई. म्हनून मागं फिरलो." मग म्हणाले, "माजीच नजर कमी पडली म्हनायची."

मी त्यांचे हात धरले. "आप्पा, थाप आहे ती! मला पुढं सुचलं नाही म्हणून लिहिलं. डांबरावर माग उमटतच नाही."

"आसं कसं? बाकीचं समदं खरं लिव्हलंया की तुमी."

बाकीचं सगळं त्यांनीच सांगितलेलं होतं. हे मी त्यांना दहा वेळा समजावलं. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सडकेवर जायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर सगळे कळप खतासाठी उसाच्या रानात बसायला कृष्णाकाठी उतरले, आप्पांची मेंढरं पुतण्याबरोबर गेली आणि आप्पा मागं राहिले. फाट्यापाशी वाकून डांबर बघत फिरायचे. गाड्या हॉर्न वाजवायच्या. पोरं हसायची. त्यांची म्हातारी मला काही बोलली नाही, फक्त माझ्या घरावरून जाणं तिनं सोडलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझी बदली झाली. निघालो त्या सकाळी एसटी फाट्यावर थांबली, तर आप्पा तिथंच होते. मला बघून खिडकीखाली आले.

"गुरुजी, तुमचा धनगर सडकंवर कवा गेला? म्हंजे खून झाल्यावर किती दिसांनी?"

"त्याच दिवशी," मी म्हणालो.

"सात वर्सांनी गेला आसता तर?"

त्यांना आशा द्यायची नाही, एवढं मी ठरवलेलं होतं. "नसता दिसला, आप्पा."

त्यांनी मान डोलावली. "मंग तवाच फुडं जायाला पायजे हुतं," म्हणाले. एसटी हलली. मला खोटेपणा कबूल करायचा होता आणि मी त्यांचा अपराध पक्का करून निघालो होतो.

गेल्या माघात ते गेले. बिराचा पत्ता तेव्हाही नव्हता.

इकडे वाईत मी वही पुन्हा काढली. नायकाला परत फौजदार केलं, मग डॉक्टर केलं, परवा पोस्टमन करून पाहिलं. कोणत्याही पेशाचा माणूस घेतला, तरी अकराव्या प्रकरणात तो डांबरी सडकेपाशी येतो आणि खाली वाकतो. त्याच्यापुढं एक ओळ मला लिहिता येत नाही.