सायलीची मांडी कुणी चोळली?

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, “मायोसायटिस ऑसिफिकन्स.” म्हणजे मार बसलेल्या स्नायूत हाड तयार होणं. “मांडी कुणी चोळली का?”

“मीच,” सायलीची आई म्हणाली. “रोज. गरम तेलानं, चांगला जोर लावून.”

मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले.

पेणच्या मुलींच्या कबड्डी संघाची मी ट्रेनर. खेळ शिकवणं कोचचं काम, दुखापती बघणं माझं. पकडीत सायलीच्या मांडीवर दुसरीचा गुडघा बसला, तेव्हा बर्फ मी लावला, पट्टी मी बांधली. “विश्रांती घे,” म्हणाले. चोळू नका, हे सांगितलं नाही. मुका मार लागला की आपल्याकडे आधी तेल गरम होतं, हे मला माहीत होतं. घरी जायची तिची रोह्याची गाडी सुटत होती, तिला घाईनं बसवून दिलं.

मांडी कडक झाली, गुडघा वाकेना, तेव्हा हा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन नको. चोळणं बंद, हलका व्यायाम. काही महिने खेळ नाही.”

सायलीची निवड चाचणी हुकली. व्यायाम करून घ्यायला मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात तिच्या घरी जाऊ लागले. “पोरीचा पाय हिनं घालवला,” वडील माझ्यादेखत बायकोला म्हणाले. मी मान खाली घालून सायलीचा गुडघा वाकवत राहिले.

पुढच्या खेपेला दारातच सायलीच्या आईला म्हटलं, “वहिनी, चूक माझी. चोळू नका, हे मी सांगायला हवं होतं.”

“दवाखान्यात का नाय बोललात?”

मी चपला काढायला वाकले.

“मग मला काय सांगता? ते आत बसलेत, त्यांना सांगा.”

आत जाऊन सांगितलं. वडिलांनी टीव्ही बंद केला. बायकोला म्हणाले, “मग तू बोलायचं ना, मला कोणी सांगितलं नाय म्हणून.”

“बाईंनी सांगायचं असतं, ते मला काय ठाव?” वहिनी म्हणाल्या.

स्नायूला जोराचा मार लागला, तर फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. गरम तेल नको, चोळणं नको. भाग कडक झाला तर डॉक्टरांना दाखवा. आता मी हे मुलीला सांगून थांबत नाही, घरी फोन करते.

सायलीचा गुडघा पूर्ण वाकतो. मला आत पाठवल्याबद्दल मी वहिनींचे आभार मानले. त्या हसल्या नाहीत. “च्या घ्या,” एवढंच म्हणाल्या.